डोहातून निघालेला ओंडका





गेल्या महिन्यात नदीकाठच्या एका गावातून पत्र आले. गावाचे नाव इथे देत नाही. का देत नाही, ते पुढे कळेलच. उन्हाळ्यात नदीच्या डोहातला गाळ काढण्याचे काम चालले होते. यंत्राच्या बादलीला काहीतरी अडकले. खडक असेल म्हणून बाजूने उकरले, तर वीस-बावीस फुटांचा ओंडका वर आला. बाहेरून कोळशासारखा काळा. एका टोकाला कुऱ्हाडीचे घाव अजून दिसतात. सुताराने सहज म्हणून एक ढलपी काढली, तर आत लालसर तपकिरी लाकूड आणि किकऱ्याची धार बोथट व्हावी इतके टणक. गावातल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांनाही हे झाड कधी पडले, कोणी तोडले, काही सांगता येत नाही.

आता गावात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, देवळाला नवा दरवाजा करायचाच आहे, तो याचा करू. दुसरा म्हणतो, पाण्यात इतकी वर्षे कुजलेले लाकूड, वीटभट्टीला देऊन मोकळे व्हा. त्यात तरुण मंडळींचा तिसरा विचार निघाला. एक निघाला म्हणजे आणखी असणार, यंत्र लावून सगळा डोह उलथा करू आणि विकू. पत्राच्या शेवटी लिहिले आहे, "साहेब, आपण मार्गदर्शन करावे. ओंडका सध्या पारापुढे उन्हात वाळत टाकला आहे."

हे शेवटचे वाक्य वाचून मी हातातला चहा खाली ठेवला आणि पत्रातल्या नंबरावर फोन लावला. आधी ओंडका सावलीत ओढा, गोणपाट भिजवून त्यावर टाका आणि दोन्ही टोकांना शेणमातीचा जाड लेप द्या, बाकीचे मग बोलू, एवढे सांगितले. घाई करण्याचे कारण होते. असा एक ओंडका मी लहानपणी मरताना पाहिला आहे.

मी तिसरी-चौथीत असेन. पावसाळ्यात आमच्या मळ्याजवळचा नदीचा काठ ढासळला आणि पूर ओसरल्यावर गाळात रुतलेल्या मोठ्या झाडाचे खोड उघडे पडले. दिवाळीनंतर पाणी उतरले तेव्हा वडील आणि चुलते दोन बैलजोड्या लावून ते ओढून घेऊन आले. ऐनाचे खोड होते असे सुतारमामा म्हणाले. त्या वर्षी आमचे नवे घर बांधायला काढले होते. वडिलांनी ठरवले की पुढच्या दाराची चौकट याची. लाकूड लवकर वाळावे म्हणून त्यांनी ते अंगणाच्या मधोमध, चांगले ऊन लागेल असे ठेवले. महिन्याभरात टोकाला बोटभर भेगा पडल्या. होळीपर्यंत त्या भेगांत माझा पंजा जाऊ लागला आणि एका दुपारी सगळे घर दचकेल असा आवाज होऊन ओंडका लांबीने उलला. सुतारमामा आले, बघितले, म्हणाले, "दादा, मासा उन्हात टाकल्यागत केलंत." त्या लाकडाची चौकट झाली नाही. आत्याच्या लग्नात ते चुलवणाखाली गेले. वडील त्या चुलवणाकडे फिरकलेसुद्धा नाहीत, एवढे मला आठवते.

पुढे कृषी महाविद्यालयात शिकलो, नोकरीत आलो, तेव्हा त्या ओंडक्याचे काय चुकले ते कळले. आज ते तुम्हाला सविस्तर सांगतो.

पहिला प्रश्न असा, की पाण्यात इतकी वर्षे राहून लाकूड कुजले कसे नाही? खरे तर याचे उत्तर तुमच्या बांधावरच उभे आहे. कुंपणाचा जुना लाकडी खांब उपटून बघा. वरचा भाग धड असतो. जमिनीत खोल गेलेले टोकही बरेचदा धड असते. कुजलेला असतो तो जमिनीच्या पातळीवरचा वीतभर भाग. लाकूड कुजवते ती बुरशी. बुरशीला ओल लागते आणि हवाही लागते. वरच्या भागाला हवा आहे, पण ओल नाही. खोल टोकाला ओल आहे, पण हवा नाही. मधल्या वीतभर जागेत दोन्ही मिळतात, म्हणून बुरशी तिथे संसार थाटते. लाकडातली ओल शेकडा वीसच्या खाली गेली की बुरशीचे काम थांबते, आणि लाकूड पाण्यात पूर्ण बुडाले, गाळाने झाकले, तरी थांबते. हवा आत शिरायला वाटच राहत नाही.

आपल्या वाडवडिलांना बुरशीचे नाव ठाऊक नव्हते, पण व्यवहार ठाऊक होता. जांभळाचे आणि उंबराचे लाकूड पाण्यात टिकते, म्हणून जुन्या विहिरींच्या तळाला त्याचे कडे घालत. गाडीच्या चाकाचा तुंबा करायची बाभूळ सुतार आधी पाण्यात बुडवून ठेवत. आजही तुमच्यापैकी कितीतरी जण मांडवाचे बांबू ओढ्यात भिजत घालतात. बांबूतले पिठूळ सत्त्व पाण्यात निघून जाते, म्हणजे भुंग्याला खायला काही उरत नाही.

पाण्यातल्या लाकडाला काहीच होत नाही असे मात्र समजू नका. हवेवाचून जगणारे काही सूक्ष्म जिवाणू असतात. ते फार सावकाश काम करतात आणि बाहेरचे पांढरे लाकूड मऊ करतात. म्हणून अशा ओंडक्याची वरची दोन-तीन बोटे पेरूसारखी खरवडली जातात आणि गाभा मात्र लोखंडासारखा लागतो. कोकणातल्या वाचकांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. हे सारे गोड्या पाण्याचे आहे. खाडीच्या खाऱ्या पाण्यात शिंपल्याच्या जातीचा एक किडा लाकूड आतून पोखरून चाळण करतो. होड्या वापरणाऱ्यांना तो सांगायला नको. स्वीडन देशाचे 'वासा' नावाचे जहाज १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडाले आणि १९६१ साली जवळजवळ अखंड वर काढले, ते याचमुळे. तिथला समुद्र इतका कमी खारट आहे की हा किडा त्यात जगत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बुडालेल्या लाकडाचा धंदा खरोखर कोणी करतो का? करतात. अमेरिकेत त्यावर माणसांची पोटे भरतात, आणि त्यांचे अनुभव आपल्या या गावाला उपयोगी पडतील म्हणूनच ते सांगतो.

अमेरिकेच्या आग्नेय भागात, फ्लॉरिडा, जॉर्जिया आणि शेजारच्या राज्यांत लांब पानाच्या पाइनची अफाट जंगले होती. अंदाजे नऊ कोटी एकर. म्हणजे आपल्या सगळ्या महाराष्ट्राहून मोठे क्षेत्र. ही झाडे दोनशे, तीनशे, कधी चारशे वर्षांची असत. कमी कसाच्या वाळूत वाढलेली, त्यामुळे वाढ अगदी सावकाश. झाडाच्या बुंध्यात दर वर्षी एक वलय वाढते हे तुम्हाला माहीत आहे. या जुन्या पाइनच्या एका इंचात वीस-वीस वलये सापडतात आणि गाभा राळेने भरलेला असतो. एकोणिसाव्या शतकात या जंगलांची तोड सुरू झाली आणि १९३०च्या सुमारापर्यंत बहुतेक जंगल संपले. रस्ते नव्हते, म्हणून ओंडके नदीत लोटायचे, तराफे बांधायचे आणि प्रवाहाबरोबर खाली गिरण्यांपर्यंत न्यायचे. वाटेत काही बुडाले. बुडाले ते कोणते, हे बघा. हलके होते ते तरंगत गेले. ज्यांचा गाभा सर्वांत भरीव, राळ सर्वांत जास्त, ते तळाला गेले. म्हणजे त्या जंगलातला निवडक माल नदीने ठेवून घेतला.

बुडण्याचे गणितही सोपे आहे. लाकडाचे मूळ द्रव्य पाण्याच्या दीडपट जड असते. लाकूड तरंगते ते आत कोंडलेल्या हवेमुळे. हवेची जागा पाण्याने किंवा राळेने घेतली की कोणतेही लाकूड बुडणारच. आपला सागसुद्धा ओला असताना नीट तरंगत नाही. म्हणून ब्रह्मदेशात सागाची झाडे तोडण्याआधी बुंध्याभोवती साल आणि खालचे पांढरे लाकूड कापून कडे काढीत आणि झाड दोन-तीन वर्षे उभ्या-उभ्या वाळू देत. मग हत्तींकडून ओढवून नदीत सोडत. मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांतले 'बर्मा टीक' अशाच प्रवासाने आलेले आहे. द्राक्ष बागायतदारांना गर्डलिंग नवे नाही, पण तुमचे गर्डलिंग सालीपुरते आणि वेल जगवून केलेले. ते झाड मारण्यासाठी असे. फ्लॉरिडाच्या दलदलीत सायप्रस नावाचे मोठे झाड होते, त्यालाही तिथले लोक असेच कडे काढून वाळवत. ज्यांनी उतावीळपणा केला त्यांचे सायप्रस नदीच्या तळाशी गेले.

हे ओंडके शंभर-दीडशे वर्षे तळाला पडून राहिले. मग जंगल संपल्यावर लोकांना त्यांची आठवण झाली. काढण्याचे काम मोठे जिकिरीचे आहे. तिकडच्या कितीतरी नद्यांचे पाणी कुजलेल्या पानांमुळे कोऱ्या चहाच्या रंगाचे असते. पाणबुड्याला स्वतःचा हात दिसत नाही. तो तळाला चाचपडत जातो, ओंडका हाताने ओळखतो, टोकाला साखळी अडकवतो आणि वर नावेतल्या गिरकीने तो ओढून घेतात. त्या पाण्यात मगरी असतात, ते वेगळेच. हल्ली काही जण आवाजाच्या लहरींनी तळाचे चित्र दाखवणारे यंत्र वापरतात. वर आलेल्या ओंडक्याची टोके पाहून माहितगार सांगतात की हा कुऱ्हाडीने तोडला की करवतीने, आणि त्यावरून अंदाज करतात की तोड जुन्या काळची की नंतरची. काही ओंडक्यांच्या टोकाला त्या वेळच्या मालकाच्या हातोड्याचा शिक्का अजून वाचता येतो. आपल्या वनखात्याचा हातोडा असतो ना, तसाच.

उत्तरेला सुपिरियर नावाचे सरोवर आहे. सरोवर म्हणायचे, पण आपल्या राज्याच्या पाव हिश्श्याहून थोडे मोठेच. त्याच्या काठच्या ऍशलँड गावाजवळ १९९०च्या दशकात असेच ओंडके काढण्याचा उद्योग उभा राहिला. तिथले पाणी बर्फासारखे गार, त्यामुळे लाकूड फारच चांगले राहिले होते. त्यातले काही वाद्ये बनवणाऱ्यांकडे गेले. दक्षिणेच्या पाइनचे आणि सायप्रसचे मेज, दरवाजे, घराच्या तक्तपोशी होतात. सायप्रसला तळाच्या गाळातल्या क्षारांमुळे सोनेरी, तपकिरी, कधी हिरवट छटा येते, आणि त्या रंगाचे वेगळे मोल मिळते. आपल्या पत्रलेखकांचा ओंडका बाहेरून काळा का, याचेही उत्तर इथेच आहे. लाकडातला तुरट अंश आणि पाण्यातले लोह एकत्र आले की काळा रंग धरतो. हिरड्याच्या पाण्यात लोखंडाचा खिळा टाकून बघा, शाई तयार होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण अशा बातम्या वाचून लगेच कोणीतरी रोपवाटिकेकडे धावतो. या लाकडाला जो भाव येतो तो पाण्यामुळे येत नाही. पाण्याने फक्त राखण केली. लाकूड घडले ते दोन-तीनशे वर्षांच्या संथ वाढीने. तुमच्या बांधावरचा पंधरा-वीस वर्षांचा साग तळ्यात बुडवून ठेवलात तरी त्याचा तसा गाभा होणार नाही. त्याच्यात पांढरे लाकूड पुष्कळ आणि गाभा थोडा असतो, तो तसाच राहील. साग लावू नका असे मी म्हणत नाही. बांधावर जरूर लावा. पण वीस वर्षांच्या सागाला पणजोबांच्या वाड्यातल्या तुळईचा भाव मिळेल असे जो सांगतो, त्याच्याकडून रोपे घेऊ नका.

आता फ्लॉरिडाचा कायदा बघू. नदीचा तळ तिथे राज्याच्या मालकीचा आहे आणि तळाचा ओंडकाही. सापडला म्हणून कोणाचा होत नाही. ओंडके काढणाऱ्याला आधी प्रशिक्षण घ्यावे लागते, परवाना काढावा लागतो आणि शुल्क भरावे लागते. ज्याच्या टोकाला कुऱ्हाडीचे वा करवतीचे घाव आहेत, असाच ओंडका उचलायचा. आपोआप उन्मळून नदीत पडलेले झाड काढायचे नाही. काठात रुतलेला ओंडका उपसायचा नाही, कारण त्याने काठ ढासळतो. तळ उकरायचा नाही. आणि काही नद्यांत या कामाला मुळीच परवानगी नाही. एवढी कडक बंधने का? तर ओंडके हे माशांचे घर असते. त्याच्या आडोशाला मासे अंडी घालतात, किडे वाढतात, कासवे ऊन खायला चढतात. शंभर वर्षे पडलेल्या लाकडाभोवती नदीने आपला संसार मांडलेला असतो. आपल्याकडच्या भोई मंडळींना विचारा, वाम आणि मरळ कुठे सापडते. बुडालेल्या झाडोऱ्यापाशीच.

म्हणून त्या गावच्या तरुणांना माझे सांगणे आहे की यंत्र लावून डोह उलथा करण्याचा बेत सोडून द्या. पाच-सात ओंडके निघाले तरी भाडे आणि डिझेल जाऊन हातात काय उरेल याचा हिशेब आधी वहीत मांडा. डोहाचे मात्र कायमचे नुकसान होईल. उन्हाळ्यात सगळी नदी आटते तेव्हा मासा डोहात जीव धरून असतो, आणि तुमच्या गुरांचे पाणीही तिथेच असते.

आणि आता तो कायद्याचा मुद्दा, ज्याच्यासाठी मी गावाचे नाव लपवले. भारतीय वन अधिनियम, १९२७ हा कायदा आजही लागू आहे. त्याचे कलम ४५ असे सांगते की वाहत आलेले, काठाला लागलेले, अडकलेले किंवा बुडालेले इमारती लाकूड, कोणी आपली मालकी सिद्ध करीपर्यंत, सरकारी मालमत्ता समजले जाईल. 'बुडालेले' हा शब्द त्यात स्पष्ट आहे. पुढच्या कलमात म्हटले आहे की असे लाकूड गोळा झाल्यावर वन अधिकारी जाहीर नोटीस काढील आणि हक्क सांगणाऱ्यांना निदान दोन महिन्यांची मुदत देईल. म्हणजे पाण्यातून काढला, गाडीत घातला आणि सुताराकडे नेला, असे करता येत नाही. पुरात वाहत आलेली लाकडे लोक सर्रास घरी नेतात हे मला माहीत आहे. आमच्या घरीही तेच झाले होते. वडिलांनी बैल जुंपून आणलेला तो ऐन कायद्याने आमचा नव्हताच, हे मला नोकरी लागल्यावर कळले. मी ते त्यांना कधी सांगितले नाही. चौकटही गेली आणि वर सरकारचा माल जाळला, असे कशाला ऐकवायचे?

तेव्हा पत्रलेखकांनी आणि ग्रामपंचायतीने पुढीलप्रमाणे करावे. वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला लेखी कळवावे. ओंडका कोठे, कोणत्या तारखेला, कोणते काम चालू असताना निघाला, लांबी किती, घेर किती, हे त्यात लिहावे. फोटो जोडावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. पंचनामा होईल. ओंडका देवळाच्या दारासाठी मिळावा अशी मागणी त्याच अर्जात ग्रामसभेच्या ठरावासह करायला हरकत नाही. मिळेलच असे मी सांगू शकत नाही, तो अधिकार माझा नाही. पण रात्रीतून फळ्या पाडून ठेवल्या आणि मग कोणी तक्रार केली, तर सरपंचांपासून सुतारापर्यंत सगळे चौकशीत अडकतील. गावात दोन तट आहेत असे तुम्हीच लिहिले आहे. तक्रार करायला माणूस लांबून यावा लागणार नाही.

गाळ काढण्याची परवानगी तहसीलदारांकडून रीतसर घेतली होती ना, तेही बघून ठेवा. चौकशी आली की तो कागद आधी मागतात.

कागद फिरायला वेळ लागेल. तोवर आणि नंतरही लाकडाचे काय करायचे, ते आता ऐका. आमचा ओंडका इथेच चुकला.

ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते. माठाचे उदाहरण घ्या. एक पाणी माठाच्या पोकळीत असते आणि दुसरे त्याच्या भिंतीत मुरलेले असते. लाकूड म्हणजे असे लाखो बारीक माठ एकावर एक रचलेले. पोकळीतले पाणी निघून गेले तरी लाकूड आकसत नाही. भिंतीतले पाणी निघू लागले की आकसायला लागते. हे साधारणपणे ओल शेकडा तीसच्या आसपास आली की सुरू होते. ओंडका उन्हात ठेवला तर बाहेरची कातडी भराभर वाळून आकसते आणि आतला भाग अजून फुगलेलाच असतो. वाढत्या मुलाला धाकट्याचा सदरा घालावा तसे होते. सदरा फाटतो. टोकांकडून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी लवकर निघते, म्हणून पहिली भेग नेहमी टोकाला.

म्हणून फळ्या पाडीपर्यंत ओंडका ओला ठेवायचा. पाण्यात बुडवून ठेवता आला तर सर्वांत उत्तम. नाही तर सावली, भिजलेली पोती आणि दिवसातून दोन वेळा पाणी. परवानगी मिळाल्यावर तो ओलाच असताना कापावा. कापण्याआधी तारेच्या ब्रशने आणि पाण्याने गाळ, वाळू, खडे साफ करा. नाहीतर गिरणीवाला पात्यासाठी भांडेल, आणि त्याचे बरोबर असेल. बाहेरचे मऊ लाकूड काढून टाका, त्याचा मोह धरू नका. कापताना कुजट वास येईल. घाबरू नका, तो वाळताना बराचसा जातो.

फळ्या पाडल्या की लगेच दोन्ही टोकांना तेलरंगाचा किंवा मेणाचा जाड हात द्या. डांबरही चालते. मग हवेशीर छपराखाली, जमिनीपासून हातभर उंच, सपाट पायावर थप्पी लावा. प्रत्येक दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या सारख्या पट्ट्या ठेवा. पट्ट्या एकाखाली एक अशा सरळ ओळीत यायला हव्यात, नाहीतर फळीला बाक येईल. वरच्या थरावर दगडांचे वजन ठेवा. वारा खेळता हवा, पण ऊन आणि उन्हाळ्यातला झोत नको. चैत्र-वैशाखात वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधा. जुन्या सुतारांचा ठोकताळा असा की एक इंच जाडीला एक वर्ष. दीड-दोन इंची दरवाजाला दीड-दोन वर्षे धरून चाला. घरातल्या लाकूडकामाला ओल शेकडा दहा-बाराच्या आसपास लागते. ती मोजायचे लहानसे यंत्र लाकडाच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडे असते. ते नसेल तर एक फळी निवडून दर महिन्याला तिचे वजन वहीत टिपा. तीन महिने वजन हलले नाही की ती तिथल्या हवेपुरती वाळली असे समजा. मात्र हे भर पावसाळ्यात ठरवू नका.

ज्या 'वासा' जहाजाचा उल्लेख मी वर केला, त्याचे लाकूड आकसू नये म्हणून त्यावर सतरा वर्षे औषधी पाण्याचा फवारा चालू ठेवला होता. आपल्या दरवाजाला दोन वर्षे म्हणजे काहीच नाही.

ओंडक्याची जात कोणती, असेही पत्रात विचारले आहे. पत्रावरून जात सांगणे म्हणजे तारेने नाडी बघण्यासारखे आहे. नदीकाठ आणि लालसर तपकिरी रंग म्हटला की अर्जुन, जांभूळ, ऐन अशी नावे मनात येतात. पण वनखात्याचे लोक पंचनाम्याला येतील तेव्हा तेच बघून सांगतील.

त्यांची परवानगी मिळाली आणि कापणी झाली, तर माझी एक वैयक्तिक विनंती आहे. जाड टोकाकडून चार बोटे रुंदीची एक गोल चकती कापून घ्या, तीही सावलीत वाळवा आणि एक बाजू रंध्याने व बारीक पॉलिश कागदाने गुळगुळीत करा. तिला एखादी भेग पडेल, पडू द्या. सगळ्या जातींची वलये स्पष्ट उमटत नाहीत, पण उमटली असतील तर शाळेतल्या मुलांकडून मोजून घ्या. दाट वलये म्हणजे बहुधा कमी पावसाची वर्षे. अमेरिकेत सायप्रसच्या वलयांवरून १९९८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की १५८७ ते १५८९ या तीन वर्षांत तिकडे आठशे वर्षांतला सर्वांत कडक दुष्काळ पडला होता, आणि नेमक्या त्याच काळात इंग्रजांची तिथली एक वसाहत माणसांसह नाहीशी झाली होती. तिकडे एका नदीकाठी सायप्रसचे एक झाड निदान २६२४ वर्षांचे असल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले, आणि ते झाड जिवंत होते. आपल्या पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा असाच अभ्यास केला आहे. तुमच्या डोहातल्या झाडाने तुमच्या गावचे किती दुष्काळ पाहिले, ते त्या चकतीवर कदाचित दिसेल.

हे लिहून होत असतानाच पत्रलेखकांचा पुन्हा फोन आला. ओंडका सावलीत नेला आहे. टोकाला दोन बारीक भेगा पडल्या आहेत, करंगळीचे नख जाईल एवढ्या. त्या चालतील. तेवढे टोक कापताना जाईल. पोत्यांवर पाणी मारण्याची पाळी दोन्ही तटांनी एकेक दिवस वाटून घेतली आहे, असेही ते म्हणाले.

पुढच्या अंकात सोयाबीनची बीजप्रक्रिया आणि घरचे बियाणे असेल तर उगवण कशी तपासावी, याविषयी लिहीन. त्यासाठी शंभर दाणे आणि एक स्वच्छ गोणपाट काढून ठेवा.